संवेदक-जाल मांडणीचे सदृशीकरण

तापमान, आर्द्रता, धूर, जमिनीचे कंपन, प्राण्यांची हालचाल इत्यादींचे मापन अथवा नोंद करून ती माहिती रेडिओ तरंगांच्या साहाय्याने एकमेकांकडे व अखेरीस मध्यवर्ती केंद्राकडे पाठविणाऱ्या लहान साधनांच्या समूहाला संवेदक-जाल म्हणतात. असे जाल प्रत्यक्ष जमिनीवर उभारण्यापूर्वी त्या प्रदेशाची भूमिरूपे, वनस्पती, हवामान आणि तेथील प्राण्यांचा व माणसांचा वावर यांची संगणकात प्रतिकृती तयार करून तीत संवेदक निरनिराळ्या जागी ठेवून पाहणे व कोणती मांडणी कमी खर्चात अधिक उपयोगी ठरते हे अजमावणे, या पद्धतीस संवेदक-जाल मांडणीचे सदृशीकरण असे म्हणतात. संगणकातील प्रतिकृतीला आभासी भौगोलिक पर्यावरण ही संज्ञा आहे. तीत संवेदक, प्राणी, वनरक्षक, गुराखी इत्यादींच्या वतीने आपापल्या नियमांनुसार वागणाऱ्या स्वतंत्र आज्ञावलींना सॉफ्टवेअर-अभिकर्ते किंवा नुसते अभिकर्ते म्हणतात.

सपाट व मोकळ्या प्रदेशात संवेदक ठराविक अंतरावर ओळीने मांडले, तरी काम भागते. डोंगराळ व वनाच्छादित प्रदेशात मात्र तसे होत नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व त्याच्या भोवतीचा मेळघाट हा भूभाग याचे उत्तम उदाहरण होय. म्हणून पुढील विवेचनात ठिकठिकाणी त्याचाच आधार घेतला आहे. त्यातील जालाचे व संपर्काचे आकडे एखाद्या प्रत्यक्ष प्रकल्पाचे नसून हिशेबाची रीत स्पष्ट करण्यासाठी घेतलेले आहेत.

भूप्रदेश व प्रश्नाचे स्वरूप : चिखलदरा हे गाविलगडच्या डोंगररांगेत समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. उंचीवर वसलेले आहे. ही रांग सातपुड्याचा भाग असून ती बेसाल्ट खडकाची बनलेली आहे. दक्षिणेस तिचे कडे वऱ्हाडच्या सपाट मैदानात एकदम उतरतात. उत्तरेस एकामागून एक डोंगर व दऱ्या असून त्यांतून सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या तापीकडे वाहतात. सागाचे प्राबल्य असलेले पानझडी अरण्य व बांबूची बेटे यांनी हा प्रदेश व्यापलेला आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटाचा समावेश असून त्याचे एकूण क्षेत्र सु. २,७६८ चौ. किमी. व त्यांपैकी गाभा क्षेत्र सु. १,५०० चौ. किमी. आहे. कोरकू ही येथील प्रमुख आदिवासी जमात होय.

अशा प्रदेशात नकाशावर एकमेकांपासून दोन किमी. अंतरावर असलेल्या दोन जागांच्या मध्ये एखादा सोंड-डोंगर आडवा असल्यास त्यांचा परस्परांशी संपर्क होत नाही. उलट दरीच्या दोन काठांवरील जागा दहा किमी. दूर असूनही एकमेकींशी सहज जोडल्या जातात. चिखलदऱ्याच्या पंचबोल या ठिकाणी दिलेल्या हाकेचे अनेक पडसाद उठतात, अशी त्याची ख्याती आहे. ध्वनी जसा कड्यांवरून परावर्तित होतो, तसेच रेडिओ तरंगही होतात व एकच संदेश निरनिराळ्या मार्गांनी थोड्याथोड्या विलंबाने पोहोचून कधी बळकट, तर कधी क्षीण होतो. याचा अंदाज केवळ अंतरावरून बांधता येत नाही.

उंचसखल प्रदेशात जागा कोठे निवडावी, हा प्रश्न नवा नाही. गाविलगडासारखे गिरिदुर्ग ज्या जागी बांधले गेले, त्या जागांच्या निवडीत घाटवाटा दृष्टीच्या टप्प्यात राहाव्यात हा विचार दिसतो. एकोणिसाव्या शतकातील भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात प्रत्येक स्थानकावरून पुढचे व मागचे स्थानक दिसणे आवश्यक असे. या सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लँबटन यांचे १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम वऱ्हाडातून सातपुडा ओलांडून १८२५ पर्यंत सिरोंजपर्यंत (आता मध्य प्रदेशात) नेले. त्या काळी स्थानकाची जागा योग्य आहे की नाही, हे डोंगर चढून व झाडे तोडूनच कळत असे. आज तीच परीक्षा प्रथम संगणकात घेता येते व अरण्यात विनाकारण पाऊल न टाकता बहुसंख्य अयोग्य जागा वगळता येतात, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

ऐतिहासिक आढावा : निरीक्षकांची कमीतकमी संख्या किती असावी, या प्रश्नाला गणिती रूप १९७३ मध्ये व्हिक्टर क्ली यांनी दिले. चित्रदालनाचा कोपरान्‌कोपरा दिसावा यासाठी किती पहारेकरी लागतील, असा त्यांचा प्रश्न होता. दालनाच्या भिंतींच्या संख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक पहारेकरी कधीही लागत नाहीत, असे ख्वाटल यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले. डोंगराळ भूपृष्ठाच्या बाबतीत मात्र असे साधे उत्तर मिळत नाही.

अभिकर्त्यांवर आधारलेल्या सदृशीकरणाचा उगम समाजशास्त्रीय व संगणकीय अशा दोन्ही क्षेत्रांत आढळतो. टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात प्रत्येक कुटुंब शेजाराविषयीच्या एका साध्या नियमानुसार घर बदलते आणि त्यातून संपूर्ण शहराची विभागणी घडून येते, असे दाखविले. क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ मध्ये केवळ तीन नियमांच्या आधारे पक्ष्यांच्या थव्याचे उड्डाण संगणकावर हुबेहूब उभे केले. युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेल्या नेटलोगो या प्रणालीमुळे अशी प्रतिमाने तयार करणे सर्वसामान्य अभ्यासकांच्याही आवाक्यात आले.

संवेदक-जालांचा विकास विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधनातून झाला. २००२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत संवेदक ठेवून त्यांच्या सवयींचा अभ्यास करण्यात आला. अशा साधनांच्या आज्ञावली प्रत्यक्ष साधनाविना तपासता याव्यात, म्हणून बर्कली येथेच २००३ मध्ये टॉसिम ही सदृशीकरण-प्रणाली तयार झाली. परंतु तीत भूप्रदेशाचा विचार जवळजवळ नव्हता. भारतात केरळातील मुन्नार येथे अमृता विश्वविद्यापीठाने भूस्खलनाची पूर्वसूचना देणारे बिनतारी संवेदक-जाल २००९ च्या सुमारास उभारले. आभासी भौगोलिक पर्यावरणाची संकल्पना हुई लिन प्रभृती चिनी भूगोलज्ञांनी पुढे मांडली. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात मेहदी मेकनी व बर्नार्ड मुलाँ यांनी या पर्यावरणात अभिकर्त्यांच्या द्वारा संवेदकांची मांडणी व व्यवस्थापन करण्याच्या पद्धती विकसित केल्या. त्यांच्या कार्यामुळे जालाचे सदृशीकरण व भूगोल हे दोन वेगळे वाहणारे प्रवाह एकत्र आले.

आभासी भौगोलिक पर्यावरणाची रचना : याचा पाया म्हणजे उंचीचे अंकीय प्रतिमान होय. भूपृष्ठाचे लहानलहान चौरस कल्पून प्रत्येकाची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यात नोंदलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून रडारच्या साहाय्याने घेतलेल्या मोजणीवरून जगाच्या मोठ्या भागाचे सु. ३० मी. बाजूच्या चौरसांचे असे प्रतिमान उपलब्ध झाले. भारताने मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या त्रिमितीय प्रतिमांवरूनही असे प्रतिमान तयार झालेले आहे. मेळघाटाच्या गाभा क्षेत्राचे ३० मी. बाजूचे चौरस केले, तर त्यांची संख्या सु. १६.७ लाख होते. एवढी माहिती आजचा साधा संगणकही सहज हाताळू शकतो. दुसऱ्या पद्धतीत भूपृष्ठ लहानमोठ्या त्रिकोणांत विभागतात. सपाट पठारावर मोठे व कड्याजवळ लहान त्रिकोण घेता येत असल्याने माहिती कमी लागते आणि नदी, रस्ता किंवा गावाची शीव अचूक दाखविता येते.

केवळ उंची दाखविणारे भूपृष्ठ हे चित्र असते, पर्यावरण नव्हे. त्यातील प्रत्येक चौरसाला वा त्रिकोणाला उतार, उताराची दिशा, वनाचा प्रकार, पाणवठ्यापासूनचे अंतर, पायवाट, जाळरेषा, गाव इ. गुणधर्म जोडावे लागतात. यामुळे अभिकर्त्याला ‘येथे चढ तीव्र आहे’, ‘येथे ओढा ओलांडावा लागेल’, ‘येथून पलीकडचा कडा दिसतो’ अशी माहिती पर्यावरणाकडूनच मिळते. काळ हाही या पर्यावरणाचा घटक असतो. चिखलदऱ्याच्या परिसरात पावसाळ्यात दाट धुके व ढग असतात, तर फेब्रुवारीनंतर साग निष्पर्ण होऊन जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. जून व मार्च या दोन महिन्यांतील अरण्य संवेदकांच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेशच होत.

अभिकर्ते व त्यांचे वर्तन : अभिकर्ता ही आज्ञावली असली, तरी ती सामान्य आज्ञावलीप्रमाणे एका ठराविक क्रमाने चालत नाही. तिला भोवतालाचे मर्यादित ज्ञान असते, स्वतःचे उद्दिष्ट असते, थोडी स्मृती असते व मिळालेल्या ज्ञानानुसार ती आपली पुढील कृती ठरविते. संपूर्ण जालाचे वर्तन कोणत्याही एका सूत्रात लिहिलेले नसते. ते शेकडो अभिकर्त्यांच्या परस्परक्रियेतून उद्‌भवते.

या कामी वापरल्या जाणाऱ्या अभिकर्त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग संवेदक-अभिकर्त्यांचा होय. आपली विद्युत् घटमाला किती उरली आहे, कोणते शेजारी ऐकू येतात, कोणता संदेश पुढे पाठवावा व कोणता गाळावा, हे तो ठरवितो. शेजारचा संवेदक बंद पडल्यास त्याचे काम कोणी घ्यावे, हे हे अभिकर्ते निविदा मागविल्याप्रमाणे आपापसांत ठरवितात. ही कल्पना रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडली. दुसरा वर्ग निरीक्षणविषयांचा असून त्यात पाणवठ्याकडे जाणारा गवा, आपल्या हद्दीत फिरणारा वाघ इत्यादींचा समावेश होतो. तिसरा वर्ग माणसांचा होय. संरक्षण कुटीतून गस्तीवर निघणारा वनरक्षक, गुरे चारणारा गवळी, मोहफुले वेचणारी स्त्री हे त्यात मोडतात. वणवा, वारा व पाऊस यांना सामान्यतः अभिकर्ते न मानता पर्यावरणात घडणाऱ्या प्रक्रिया मानतात.

रेडिओ संपर्काचा हिशेब : भारतात ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता पट्ट्यात कमी शक्तीची साधने परवान्याशिवाय वापरता येतात. या तरंगांची लांबी सु. ३५ सेंमी. असते. तरंगाच्या शक्तीतील घट डेसिबेल या एककात सांगतात. दर दहा डेसिबेलला शक्ती एकदशांश होते. मोकळ्या अवकाशात या कंप्रतेला एक किमी. अंतरावर सु. ९१ डेसिबेल घट होते व अंतर दुप्पट केल्यास तीत सहाची भर पडते. म्हणजे चार किमी. अंतरावर ती सु. १०३ डेसिबेल होते.

दोन आकाशकांना जोडणारी सरळ रेषा मोकळी असणे पुरेसे नसते. तिच्या भोवतीचा लंबगोलाकार भागही मोकळा असावा लागतो. याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. चार किमी. अंतराच्या मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या सु. १८.६ मी. असते. समजा, दरीतील संवेदक व पठारावरील स्थानक यांच्या मधोमध असलेला डोंगर त्यांच्या सरळ रेषेच्या वर तेवढाच, म्हणजे सु. १९ मी., उठलेला आहे. डोंगरमाथ्यावरून तरंगांचे विवर्तन होऊन (म्हणजे ते वाकून) काही शक्ती पलीकडे पोहोचते; परंतु सु. १६ डेसिबेल घट वाढते. एकूण घट ११९ होते. साधनांची एकत्रित क्षमता १३४ डेसिबेल घट सोसण्याची असेल, तर मार्चमध्ये, म्हणजे साग निष्पर्ण असताना, संपर्क व्यवस्थित चालतो व फांद्यांमुळे होणारी थोडी घट सोसूनही शक्ती शिल्लक राहते.

पावसाळ्यात हाच हिशेब बदलतो. पानांनी भरलेल्या झाडीतून होणारी घट काढण्यासाठी वाइसबर्गर यांचे १९८२ मधील अनुभवसिद्ध सूत्र वापरतात. त्यानुसार तरंगांना १०० मी. झाडीतून जावे लागल्यास सु. १९ डेसिबेल घट होते, म्हणजे शक्ती सु. एक-ऐंशीयांश उरते. तेव्हा एकूण घट १३८ होऊन क्षमतेच्या पलीकडे जाते व संपर्क तुटतो. उन्हाळ्यात जमिनीवर तपासून निर्दोष ठरलेले जाल पावसाळ्यात मुके होण्याचे कारण यावरून स्पष्ट होते. बारमाही उपयोगाच्या जालाचे सदृशीकरण पानांनी भरलेल्या अरण्यात करणे म्हणूनच आवश्यक असते.

ऊर्जेचा हिशेब : संवेदकाचे आयुष्य त्याच्या विद्युत् घटावर अवलंबून असते. घटाची क्षमता २,४०० मिलिअँपिअर-तास, संदेश पाठविताना लागणारा प्रवाह ४० मिलिअँपिअर व निद्रावस्थेतील प्रवाह ०.०१ मिलिअँपिअर मानल्यास, दर दहा मिनिटांनी एक सेकंद संदेश पाठविणारा संवेदक सु. साडेतीन वर्षे चालतो. परंतु दरीच्या तोंडाशी असलेल्या संवेदकाला आतील वीस संवेदकांचे संदेशही पुढे पोहोचवावे लागले, तर तोच घट सु. ७१ दिवसांत संपतो. संदेश ऐकण्यासाठी लागणारी ऊर्जा यात धरलेली नाही. ती धरल्यास हा काळ आणखी कमी होतो. हा एक संवेदक बंद पडताच त्याच्या मागचे वीसही चालू स्थितीत असून निरुपयोगी होतात. नकाशावरील समान अंतराच्या मांडणीत हा दोष दिसत नाही; अभिकर्त्यांचे जाल संगणकात वर्षभर चालवून पाहिल्यावर तो पहिल्या तीन महिन्यांतच उघड होतो. अशा जागी दोन संवेदक ठेवणे, सौर घट बसविणे किंवा संदेशांना दुसरी वाट देणे हे उपाय होत. सौर घटांच्या बाबतीतही पावसाळ्यातील ढग व पानांची सावली विचारात घ्यावी लागते.

मांडणीचा शोध : संभाव्य जागा २०० व संवेदक २० असतील, तर त्यांच्या मांडणीचे पर्याय सु. १६ च्या पुढे २६ शून्ये इतके होतात. ते सर्व तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून प्रथम सर्वांत उपयोगी अशी एक जागा निवडावयाची, मग तीत सर्वाधिक भर घालणारी दुसरी, असा क्रम अनुसरतात. ज्या प्रश्नांत प्रत्येक नव्या संवेदकाने पडणारी भर उत्तरोत्तर घटत जाते, त्यांत या साध्या पद्धतीने मिळणारे उत्तर सर्वोत्तम उत्तराच्या किमान ६३ टक्के असते, असे नेमहाउझर, वूल्सी व फिशर यांनी १९७८ मध्ये सिद्ध केले. यानंतर संवेदक-अभिकर्त्यांना थोडेथोडे सरकण्याची मुभा देतात. प्रत्येक जण आपले शेजारी तुटणार नाहीत अशा बेताने अधिक उपयुक्त जागेकडे सरकतो व काही फेऱ्यांनंतर मांडणी स्थिरावते. उभ्या कड्यावरील किंवा देखभालीसाठी पोहोचता न येणाऱ्या जागा आधीच वगळलेल्या असतात.

वणव्यासाठी उपयोग : पानझडी अरण्यात साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्यांचा मानला जातो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणे, हे मध्य भारतातील वणव्यांचे एक परिचित कारण आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरील संवेदकांच्या आधारे वणव्यांच्या सूचना वनविभागांना देते. यांपैकी एका प्रकारच्या संवेदकाचा प्रतिमाबिंदू जमिनीवर सु. एक किमी., तर दुसऱ्याचा सु. ३७५ मी. असतो. उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जात असल्याने दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लागलेली आग उशिरा लक्षात येते. ही उणीव जमिनीवरील संवेदकांनी भरून काढता येते.

वणव्याच्या प्रसाराचे सूत्र रिचर्ड रॉदरमेल यांनी १९७२ मध्ये दिले. ज्वाला चढाच्या बाजूचे गवत व पाला आधीच तापवितात, त्यामुळे आग उतारापेक्षा चढावर अधिक वेगाने पसरते. शिवाय डोंगराळ भागात दिवसा वारे सामान्यतः दरीतून माथ्याकडे व रात्री माथ्याकडून दरीकडे वाहतात. सदृशीकरणात पायवाटा, मोहाची झाडे, रस्ते यांच्या आसपास हजारो आगी निरनिराळ्या वेळी लावून पाहतात आणि प्रत्येक मांडणीत आगीची पहिली सूचना किती मिनिटांनी मिळाली, तसेच जवळच्या कुटीतील वनरक्षकाला तेथे पोहोचण्यास किती वेळ लागला, हे मोजतात. यावरून असे दिसते की, किती टक्के क्षेत्र व्यापले हे मांडणीच्या गुणवत्तेचे खरे माप नव्हे. ज्या खोऱ्यात मनुष्यबळ दोन तासांच्या आत पोहोचू शकत नाही, तेथे लवकर मिळालेली सूचनाच आग आवरण्यास उपयोगी पडते. कुटीच्या दारातील संवेदक व्यापलेले क्षेत्र वाढवितो, परंतु वेळ वाचवीत नाही.

वन्य प्राण्यांच्या नोंदीसाठी उपयोग : वाघांच्या गणनेसाठी वापरले जाणारे स्वयंचलित कॅमेरे हेही संवेदकच होत. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे वेगळे असल्यामुळे कॅमेरे वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर लावतात. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व त्यांतून सु. ३.४८ कोटी छायाचित्रे मिळाली. या गणनेत प्रदेशाचे दोन चौ. किमी. क्षेत्राचे चौकोन पाडतात. या मापाने १,५०० चौ. किमी. गाभा क्षेत्राला सु. ७५० जागा व १,५०० कॅमेरे लागतात. चौकोनाच्या आत नेमकी जागा कोणती, हे वाटा, ओढे व प्राण्यांच्या खुणा यांवरून अनुभवी वनरक्षक ठरवितो. त्याची ही निवड अभिकर्त्याच्या नियमांत उतरविणे, हे सदृशीकरणातील सर्वांत अवघड व सर्वांत फलदायी काम होय. २०१० पासून वापरात आलेल्या एम-स्ट्राइप्स या प्रणालीत गस्तीचे मार्ग व निरीक्षणे नोंदली जातात. अशा नोंदींवरून वनरक्षक-अभिकर्त्यांचे वर्तन प्रत्यक्षाशी ताडून पाहता येते.

पडताळणी व मर्यादा : आभासी प्रदेश कितीही हुबेहूब दिसला, तरी त्याचे निष्कर्ष मूळ माहितीहून अधिक अचूक असू शकत नाहीत. रडारने केलेली २००० मधील मोजणी ठरविताना उंचीतील त्रुटीची मर्यादा १६ मी. ठेवलेली होती. शिवाय दाट अरण्यात ते रडार जमिनीऐवजी बऱ्याच अंशी झाडांच्या शेंड्यांची उंची नोंदविते. वर उल्लेखिलेल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सु. १८.६ मी. आहे, हे लक्षात घेता त्रुटी व मोजावयाची राशी जवळजवळ सारख्याच ठरतात. अशा वेळी ‘संपर्क होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे एकच उत्तर देणे चुकीचे असते. उंचीत यादृच्छिक फेरफार करून तेच सदृशीकरण शेकडो वेळा चालवितात व संपर्काची संभाव्यता सांगतात. ज्या जागांची संभाव्यता मध्यम येते, त्यांचीच प्रत्यक्ष जमिनीवर दोन साधने नेऊन, शक्यतो पावसाळ्यात, चाचणी घेतात. याप्रमाणे सदृशीकरण जमिनीवरील पाहणीला पर्याय नसून ती कोठे करावी, हे सांगणारे साधन आहे.

अभिकर्त्यांच्या नियमांत रचनाकाराच्या समजुती नकळत शिरतात, ही दुसरी मर्यादा होय. अरण्यात दिसणारा प्रत्येक माणूस घुसखोर मानला, तर त्याला टिपणारी मांडणीच उत्तम ठरते. वस्तुतः मेळघाटातील अनेकांचे जीवन मोहफुले, तेंदूपाने, सरपण व चराई यांवर अवलंबून आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे असे अनेक हक्क मान्य केले आहेत. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात त्रिशांत सिमलाई व ख्रिस सँडब्रुक यांनी केलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे वनात जाणाऱ्या स्त्रिया संकोचतात, मोठ्याने बोलणे व गाणे टाळतात आणि त्यामुळे हिंस्र प्राण्यांशी अचानक गाठ पडण्याचा धोका वाढतो. म्हणजे माणसे संवेदकांमुळे आपले वर्तन बदलतात. माणसांचे अभिकर्ते ठरीव वाटांवरून चालणारे ठिपके मानणाऱ्या प्रतिमानात हा परिणाम दिसूच शकत नाही. गावालगतच्या वाटा, पाणी भरण्याच्या व स्त्रियांच्या वावराच्या जागा कॅमेऱ्यांसाठी वर्ज्य म्हणून पर्यावरणातच नोंदविणे आणि त्या ग्रामस्थांना विचारून ठरविणे, हा यावरील मार्ग होय. असे केल्याने मांडणीचे पर्याय काहीसे कमी होतात. परंतु आगीची पहिली वार्ता पुष्कळदा गुराख्याकडून किंवा वाटसरूकडूनच मिळते. ज्या जालामुळे त्यांचा वनातील वावर व विश्वास कमी होतो, ते जाल आपल्याच सर्वांत जुन्या व सर्वांत सजग संवेदकाला मुकते.